देवरूखच्या गोदूबाई आणि एम.ए.चा प्रश्न

मागच्या बैठकीत बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि विषय निघाला एम.ए.चा. गटातल्या एका ताईंची लेक मराठी घेऊन बी.ए. झाली. तिला पुढे शिकायचंय. घरचे म्हणतात, "नर्सिंग असतं तर गोष्ट वेगळी. भाषा-इतिहास शिकून काय मिळणार?" आम्हांला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

आपल्या देवरूखच्या गोदूबाई जोशी. अगदी लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे त्या मुंबईत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्वेही आपल्याच जिल्ह्यातले, मुरूडचे. या लग्नापायी गावाने त्यांना वाळीत टाकलं.

याच कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. कॉलेजात सुरुवातीला मुली पाचच. पण शिकवणं मराठीतून, म्हणजे घरच्या भाषेत. तिथल्या पदव्यांची नावं ऐका. बी.ए.च्या जोडीची 'गृहीतागमा', म्हणजे जिने विद्या घेतली ती. एम.ए.च्या जोडीची 'प्रदेयागमा', म्हणजे जिने ती आता दुसऱ्यांना द्यायची ती. या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली 1951 मध्ये. तोवर पस्तीस वर्षं मुली शिकतच राहिल्या. आज आपण त्याला एस.एन.डी.टी. म्हणतो.

तिथेच 1974 मध्ये नीराबेन देसाई यांनी स्त्रियांविषयीच्या संशोधनाचा विभाग सुरू केला. चूल, गुरं, लावणी, पाणी भरणं, ज्या कामाला कुणी काम म्हणत नसे, तेही विद्यापीठात अभ्यासाचा विषय झालं.

गोदूबाई म्हणजेच बाया कर्वे. त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिलं, म्हणून त्यांचं दुःख आणि धीर आज आपल्याला कळतो. आपल्या आज्यांचं कुणी लिहिलं? तेच लिहायला, तपासायला भाषा-इतिहास शिकायचा.

गटाने ठरवलं, पहिल्या वर्षाच्या फीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं. परतफेड नेहमीसारखी, दरमहा हप्त्याने. वर एकच अट: सुट्टीत आली की तिने वाडीतल्या एका आजीची हकीकत लिहून काढायची आणि बैठकीत वाचून दाखवायची.

तुमच्या गटात अशी कुणी लेक असेल, तर पुढच्या बैठकीत तिचा विषय नक्की घ्या.