डेनिमची अर्धी विजार

डेनिमची अर्धी विजार : तिरकस विणीच्या जाड सुती कापडाची, गुडघ्याच्या वर संपणारी विजार. ती कारखान्यात तयार होते, तशीच घरी बेतून व शिवून किंवा जुनी पूर्ण विजार कापूनही करतात. तिच्या उंच कमरेकडे सामान्यतः एक फॅशन म्हणून पाहिले जाते. परंतु तिचे मूळ श्रमिकांच्या पोशाखात आहे.

कापड व त्याची नावे : डेनिममध्ये ताण्याचे सूत निळीने रंगविलेले व बाण्याचे सूत पांढरे असते. नेहमीच्या विणीत ताण्याचे प्रत्येक सूत बाण्याच्या तीन सुतांवरून व एका सुताखालून जाते. त्यामुळे कापडाची दर्शनी बाजू निळी व आतली बाजू फिकट दिसते. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून घर्षणाच्या जागी ते कापड विटते. ‘डेनिम’ या नावाचा संबंध फ्रान्समधील नीम शहराशी जोडतात. मात्र या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. ‘जीन’ हे नाव इटलीतील जेनोआ शहरावरून आले. याच वर्गातील ‘डंगरी’ हा इंग्रजी शब्द मात्र मराठी वाचकांच्या परिचयाच्या स्थळाकडे नेतो. मुंबईच्या डोंगरी भागाशी संबंधित असलेल्या जाड्याभरड्या सुती कापडाला सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापारी या नावाने ओळखत. पुढे कापडाचे हे नाव त्यापासून शिवलेल्या कामकरी कपड्यांना मिळाले.

विजारीचा उदय : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेव्हाडा राज्यात रीनो येथे जेकब डेव्हिस हा शिंपी राहत असे. १८७१ च्या सुमारास एका लाकूडतोड्याच्या पत्नीने त्याच्याकडे आपल्या पतीसाठी लवकर न फाटणारी विजार मागितली. घोड्यांच्या झुलींसाठी वापरावयाचे तांब्याचे रिव्हेट डेव्हिसजवळ होते. ताण पडून खिशांचे कोपरे उसवतात हे जाणून त्याने तेथे ते ठोकले. या विजारींना मागणी वाढल्यावर त्याने सॅन फ्रॅन्सिस्कोतील आपला कापडविक्रेता लीव्हाय स्ट्राउस यास भागीदारीत घेतले व २० मे १८७३ रोजी या दोघांच्या वतीने एकस्व मिळाले. आरंभी डेव्हिसच्या देखरेखीखाली बेतलेले कापड शिवणकाम करणाऱ्यांच्या घरी पाठविले जाई. मागणी वाढल्यावर हे काम कारखान्यात गेले. म्हणजे कारखान्याचा म्हणून ओळखला जाणारा हा पोशाख प्रथम शिंप्याच्या दुकानात बेतला गेला आणि घरोघरी शिवला गेला.

उंच कंबर : या विजारींची कंबर बेंबीच्या आसपास बसे. वाकताना पाठ उघडी पडू नये आणि विजार गॅलिसांनी खांद्यांवरून पेलली जावी, हा तिचा उद्देश होता. कंबरपट्ट्याची लुपे स्ट्राउसच्या कंपनीने १९२२ मध्ये लावली. स्त्रियांसाठी वेगळी बेतलेली विजार तिने १९३४ मध्ये आणली; तोपर्यंत शेतांवर व गुरांच्या कुरणांवर काम करणाऱ्या स्त्रिया पुरुषांच्याच विजारी वापरीत. १९६० नंतरच्या दशकात नितंबांवर टेकणारी खाली उतरलेली कंबर लोकप्रिय झाली आणि मूळच्या सर्वसाधारण मापाला ‘उंच’ हे विशेषण चिकटले.

अर्धी विजार : स्त्रियांच्या अर्ध्या विजारीला प्रतिष्ठा प्रथम खेळाच्या मैदानावर मिळाली. हेलन जेकब्स ही अमेरिकन टेनिसपटू १९३३ मध्ये विंबल्डन येथे ती घालून खेळली. डेनिमच्या बाबतीत मात्र काटकसर अधिक कारणीभूत ठरली. पूर्ण विजार प्रथम गुडघ्यांवर झिजते. कंबर, बैठक व रिव्हेट लावलेले खिसे शाबूत राहतात. झिजलेला भाग कापून टाकला, की उरलेल्या भागाची अर्धी विजार होते. कापलेल्या कडेची आडवी सुते सुटत जातात व उभ्या सुतांची झालर उरते. गरजेतून आलेली ही झालर पुढे शोभेची ठरली. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ (१९७९–८५) या दूरदर्शन मालिकेतील डेझी ड्यूक या पात्रामुळे अशा आखूड विजारींना तिचेच नाव पडले.

घरगुती शिवण : इलायस हाऊ (एकस्व १८४६) व आयझॅक सिंगर (एकस्व १८५१) यांच्या शिवणयंत्रांमुळे घरी कपडे शिवणे सुकर झाले. १८६३ मध्ये मॅसॅचूसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस आणल्यामुळे बेतण्याचे कौशल्यही घरात पोचले.

उंच कमरेच्या विजारीत मुख्य प्रश्न मापाचा असतो. कमरेचा व नितंबांचा घेर यांतील फरक व्यक्तिगणिक बदलतो. तयार विजार नितंबांवर बरोबर बसली, तरी कमरेला सैल पडण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही घेर, तसेच कमरेपासून मांड्यांच्या जोडापर्यंतची उंची ही मापे स्वतंत्रपणे घ्यावी लागतात. न आकसविलेले डेनिम धुतल्यावर दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते, त्यामुळे ते बेतण्यापूर्वी धुतात. सॅनफर्ड क्लूएट याच्या १९३० च्या सुमारास प्रचारात आलेल्या पूर्व-आकुंचन प्रक्रियेने हा दोष पुष्कळसा कमी झाला. जाड कापडासाठी १०० क्रमांकाची (१६ नंबरची) सुई, बळकट दोरा व सु. ३ मिमी. लांबीची टीप योग्य ठरते. कडा एकमेकींत दुमडून दोन समांतर टिपा घातलेली चपटी शिवण कापडाच्या कडा उसवू देत नाही.

भारतातील प्रयोग : अहमदाबादच्या अरविंद मिल्सने १९८० नंतरच्या दशकात डेनिमचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. तयार जीन्स अनेकांना परवडत नसे. त्यावर उपाय म्हणून या कंपनीने १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘रफ अँड टफ’ या नावाने कापड, चेन, रिव्हेट व नाममुद्रेचा तुकडा असलेला संच विक्रीस आणला. गिऱ्हाईकाने तो आपल्या गावच्या शिंप्याकडून मापाप्रमाणे शिवून घ्यावयाचा, अशी योजना होती. रीनोच्या एका शिंप्याने ठोकलेले रिव्हेट अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी पुन्हा शिंप्याच्याच हाती आले. एका विशिष्ट शरीरासाठी व त्याच्या गरजेसाठी बेतलेले वस्त्र, हा या पोशाखाचा आरंभ होता. घरी शिवलेल्या विजारीत तोच टिकून आहे.