वादळाच्या पहारेकऱ्याचे वेतन

सरकारी नोकराच्या कामाचे मोल कोणत्या मापाने ठरवावे, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे. महसुली अधिकाऱ्याने किती वसूल जमविला हे खतावणीत दिसते. इंजिनियराने बांधलेला पूल नदीवर उभा असतो. परंतु ज्याचे काम यशस्वी झाले म्हणजे काहीच घडत नाही, अशा सेवकाचे मोल कसे करावयाचे? वादळाची सूचना वेळेवर मिळाली, गलबते बंदरात थांबली, माणसे घरी सुखरूप राहिली. न बुडालेल्या गलबताची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. उलट अंदाज एकदा चुकला की त्याची नोंद सर्वांच्या तोंडी होते. वेधशाळेने पाऊस सांगितला आहे, तेव्हा आज छत्री घरी ठेवावयास हरकत नाही, हा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तो करताना आपल्यापैकी कोणाच्याही मनाला यत्किंचितही टोचणी लागत नाही.

या विनोदाची किंमत ज्याने सर्वांआधी मोजली, त्या गृहस्थाचा इतिहास येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. सरकारी वेतन घेऊन रोजच्या हवेचा अंदाज लोकांस सांगणाऱ्यांच्या परंपरेचा तो आद्य पुरुष होय. त्याचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विनला घेऊन जगप्रदक्षिणा करणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान एवढीच त्याची ओळख आपल्या शालेय पुस्तकांतून होते. त्या सफरीनंतरचे त्याचे आयुष्य मात्र सरकारी सेवकाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे.

फिट्झरॉयचा जन्म १८०५चा. घराणे उमरावाचे, शिक्षण नौदलाचे, स्वभाव कडक आणि मानी. सरकारी कामात स्वतःचा पैसा घालण्याची खोड त्याला तरुणपणीच जडली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी एका जहाजाने नीट होत नाही असे पाहून १८३३ साली त्याने ‘ॲडव्हेंचर’ नावाचे दुसरे जहाज सुमारे १,३०० पौंडांना स्वतःच्या खिशातून विकत घेतले. मोजणी सरकारची आणि नकाशेही सरकारचे. तेव्हा खर्चही सरकार मंजूर करील अशी त्याची समजूत होती. नौदल खात्याने ती मंजुरी नाकारली आणि १८३४ साली त्याला ते जहाज विकावे लागले. पूर्वमंजुरीवाचून केलेल्या खर्चाचे काय होते, हे आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको. पुढे १८४३ मध्ये तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. ज्या वसाहतीच्या तिजोरीत खडखडाट होता आणि जेथे गोरे वसाहतवाले व माओरी यांच्यात जमिनीवरून कलह पेटला होता, ती सांभाळावयास त्याला पाठविले आणि दोन वर्षांतच, १८४५ मध्ये, परत बोलाविले.

१८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे दर्यावर्दी राष्ट्रांची एक परिषद भरली. समुद्रावरील वारे, प्रवाह व हवा यांच्या नोंदी सर्व राष्ट्रांच्या जहाजांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात असे तेथे ठरले. त्या ठरावाची अंमलबजावणी म्हणून १८५४ मध्ये इंग्लंडच्या बोर्ड ऑफ ट्रेडने एक लहानशी कचेरी उघडली आणि तिच्यावर फिट्झरॉयची नेमणूक केली. पदाचे नाव होते ‘मिटिऑरॉलॉजिकल स्टॅटिस्ट’, म्हणजे हवामानाचे आकडे जुळविणारा. वेतन सालिना ६०० पौंड. हाताखाली तीन माणसे. जहाजांच्या कप्तानांना वायुभारमापक व तापमापक उसने द्यावयाचे, परत आलेल्या नोंदवह्यांतून आकडे काढावयाचे आणि त्यांचे तक्ते व नकाशे करावयाचे, असे हे काम होते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ते संकलनाचे पद होते. अंदाज वर्तविण्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

फिट्झरॉयने ते काम मनापासून केले आणि त्यापलीकडेही पाऊल टाकले. गरीब कोळ्यांच्या वस्त्यांत वायुभारमापक बसवून ते कसे वाचावे हे त्याने सोप्या शब्दांत लिहून दिले. याच सुमारास त्याच्या खात्यात मुख्य नाविक अधिकाऱ्याची वरची जागा रिकामी झाली. ती आपल्याला मिळावी अशी त्याची अपेक्षा होती आणि ती गैरवाजवी नव्हती. ती जागा मिळाली बार्थोलोम्यू सुलिव्हन यांना. हे सुलिव्हन ‘बीगल’वर फिट्झरॉयच्या हाताखाली लेफ्टनंट होते. ज्याला आपण काम शिकविले तो आपल्यावर जाऊन बसला, हा अनुभव कोणत्याही कचेरीत दुर्मीळ नाही. तथापि फिट्झरॉयने तो गिळला आणि आपल्या तक्त्यांकडे वळला. सुलिव्हन यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते या कथेत पुन्हा येणार आहे.

१८५९च्या ऑक्टोबरात मेलबर्नहून लिव्हरपूलला येणारे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या अँगल्सी किनाऱ्यावर वादळात फुटले. ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून सोने घेऊन घरी परतणारे प्रवासी त्यावर होते. घर काही तासांवर आले असता साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. त्याच वादळाने ब्रिटिश किनाऱ्यावर सव्वाशेहून अधिक जहाजे गिळली आणि एकंदर आठशेच्या सुमारास जीव घेतले. फिट्झरॉयने त्या दिवसांच्या नोंदी जमवून नकाशावर मांडल्या आणि दाखवून दिले की हे वादळ अकस्मात कोसळले नव्हते. ते सरकत आले होते. विजेची तार वादळाच्या पुढे धावू शकते. तेव्हा जेथे वादळ पोचले आहे तेथून, जेथे ते पोचावयाचे आहे तेथे, आधी बातमी नेता येईल.

१८६० मध्ये किनाऱ्यावरील तारघरांतून रोज सकाळी त्याच्याकडे नोंदी येऊ लागल्या. ६ फेब्रुवारी १८६१ रोजी वादळाची पहिली सूचना तारेने किनाऱ्यावर गेली. सूचना आली की बंदरावरील डोलकाठीवर शंकूच्या व पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवावयाच्या आणि रात्री दिवे टांगावयाचे, अशी योजना होती. आपल्या कोकणातले कोळी ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणून होड्या ओढून घेतात, तो बावटा याच कुळातला. १ ऑगस्ट १८६१ पासून ‘टाइम्स’ पत्रात रोजच्या हवेचा अंदाजही छापून येऊ लागला. इंग्रजीतील ‘फोरकास्ट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला तो फिट्झरॉयनेच. हे भविष्यकथन नव्हे, शास्त्रीय नोंदींच्या मेळातून व हिशेबातून काढलेले मत होय, असे त्याने आवर्जून लिहिले. पंचांगातील संवत्सरफल, सहदेव-भाडळीच्या म्हणी आणि वेधशाळेचा अंदाज यांतला भेद आपणही याच सूत्राने करतो. लोकांनी मात्र तो भेद तेव्हा मानला नाही, आणि आजही अनेकदा मानीत नाहीत.

येथे आम्हांस वाचकांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे वेधावयाचे आहे. आकडे जुळविण्यासाठी निर्माण केलेल्या पदावर आता संपूर्ण देशाच्या किनाऱ्याचे रक्षण येऊन पडले होते. मागल्या महिन्याचा तक्ता आज झाला काय आणि उद्या झाला काय, कोणाचे काही बिघडत नाही; वादळाची सूचना एक दिवस उशिरा गेली तर माणसे मरतात. कामाचा प्रकार बदलला, जबाबदारी शतगुणित झाली. परंतु अंदाजकाराचे असे स्वतंत्र पद कोणी निर्माण केले नाही. ते काम त्याच लहानशा कचेरीच्या खांद्यावर चढत गेले. सरकारी सेवेत अन्यायाचे पुष्कळ प्रकार असतात. त्यांपैकी सर्वांत शांतपणे घडणारा हाच: काम नवे, जबाबदारी नवी आणि पदाचे वर्णन जुने.

टीका मात्र त्वरित सुरू झाली. बावटा चढला की मासेमारी नौकांचा धंदा बुडतो, अशी त्यांच्या मालकांची ओरड होती. एक दिवसाचे मासे किती पौंडांचे याचा हिशेब त्यांच्यापाशी होता. बुडाली नाहीत त्या माणसांचा हिशेब कोणापाशीच नव्हता. पार्लमेंटात तारांच्या खर्चावर प्रश्न विचारले गेले. जे ‘टाइम्स’ पत्र रोज अंदाज छापीत होते, त्यानेच १८६४ मध्ये त्यांच्या चुकांपासून आपले अंग झटकले. शास्त्रज्ञांचा आक्षेप निराळा होता आणि तो निराधार नव्हता: वातावरणाच्या हालचालींचे नियम अद्याप ठाऊक नसता हा मनुष्य केवळ अनुभवाने निष्कर्ष काढतो, असे ते म्हणत. ते नियम गणिताच्या चौकटीत बसविण्याचे कार्य विसाव्या शतकात व्हावयाचे होते. परंतु तोपर्यंत किनाऱ्यावरील माणसांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आक्षेपकांपाशी नव्हते. फिट्झरॉयपाशी, अपुरे का होईना, होते.

अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली, ऐकू कमी येऊ लागले, मन खचले. ३० एप्रिल १८६५ रोजी, रविवारी सकाळी, त्याने आपल्या हाताने जीवनाचा शेवट केला. त्याच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार इतिहासाला नाही, आणि केवळ पैशाच्या विवंचनेने हे घडले असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याच्या पश्चात जे उघडकीस आले ते कागदावर आहे. स्वतःची सहा हजार पौंडांची मालमत्ता त्याने सार्वजनिक कामांत खर्चून टाकली होती, आणि पत्नी व मुलगी यांच्यासाठी काहीही उरले नव्हते.

तेव्हा पुढे आले ते सुलिव्हन. एकेकाळी फिट्झरॉयला डावलून ज्यांना वरची जागा मिळाली होती, त्यांनीच त्याच्या नावाने निधी सुरू केला. मतभेद विसरून डार्विननेही शंभर पौंड दिले. या खटपटीने सरकारला त्या खर्चापैकी तीन हजार पौंड परत करणे भाग पडले. व्हिक्टोरिया राणीने हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील काही खोल्या त्या विधवेला राहावयास दिल्या. जे हक्काने व वेळेवर मिळावयाचे, ते निम्मे, मृत्यूनंतर आणि कृपा म्हणून मिळाले.

यापुढील प्रकरण अधिक उद्बोधक आहे. फ्रान्सिस गाल्टन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिने अंदाजांना शास्त्रीय आधार नाही असा अहवाल १८६६ मध्ये दिला. त्याच वर्षी रोजचे अंदाज बंद झाले, आणि डिसेंबरात वादळाच्या सूचनाही थांबल्या. कचेरीचा कारभार रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीकडे गेला आणि तिला सालिना १०,००० पौंडांचे अनुदान मिळू लागले. म्हणजे पैसा नव्हता असे नव्हे. ज्या कामाने माणसे वाचत होती त्या कामासाठी तो नव्हता. पुढे घडले ते कोणत्याही समितीने भाकीत केले नव्हते. बंदरांतून तक्रारी येऊ लागल्या. बावट्याची थट्टा ऐकणाऱ्या किनाऱ्यानेच तो परत मागितला. १८६७ अखेर वादळाच्या सूचना पुन्हा सुरू झाल्या. रोजच्या अंदाजांस मात्र १ एप्रिल १८७९ उजाडावे लागले. २००२ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने आपल्या सागरी विभागांपैकी ‘फिनिस्टेअर’ या विभागास फिट्झरॉयचे नाव दिले. एकशे सदतीस वर्षांनी का होईना, ऋण मान्य झाले.

हा इतिहास परक्या देशाचा असला तरी आपल्या देशाचा इतिहास त्याला लागूनच सुरू होतो. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आले. समुद्राची लाट हुगळीतून आत शिरली आणि साठ हजारांच्या आसपास माणसे मेली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी सूचनांची व्यवस्था झाली. लंडनमध्ये जे काम मोडीत निघावयाचे होते तेच येथे प्रेतांच्या साक्षीने सुरू झाले. १८७५ मध्ये हेन्‍री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १८८६ पासून मान्सूनचा नियमित पूर्वअंदाज निघू लागला.

येथे मात्र मोलाचे माप आणखी एका कारणाने वाकडे झाले. १८८५ मध्ये लाहोरकडचे रुचिराम साहनी या खात्यात आले. त्यातील पहिले भारतीय अधिकारी ते हेच. थोड्याच वर्षांत ते खाते सोडून लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात अध्यापनास गेले. त्याच १८८५ साली जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. शिक्षण खात्यात भारतीयास युरोपियनाच्या दोनतृतीयांश वेतन मिळे, आणि हंगामी नेमणूक म्हणून बोसांना त्याच्याही निम्मे देऊ केले. त्यांनी तीन वर्षे काम केले, पण पगारास हात लावला नाही. अखेर सरकारने मागील बाकीसह पूर्ण वेतन दिले. विज्ञानाच्या सेवेकडे पाहण्याची त्या सरकारची दृष्टी यावरून कळते. कुलाबा वेधशाळेचे संचालकपद १८९६ मध्ये नानाभाई मूस यांच्याकडे आले हे खरे. परंतु संपूर्ण हवामान खात्याचे प्रमुखपद भारतीयाला, डॉ. सुधांशुकुमार बॅनर्जी यांना, मिळाले ते १९४४ मध्ये; म्हणजे खाते स्थापन झाल्यावर एकोणसत्तर वर्षांनी. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. त्या इमारतीला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथील चौकातून जाणाऱ्या किती जणांना या नावामागील इतिहास ठाऊक असेल?

अधिकाऱ्यांची नावे निदान इतिहासात राहतात. ज्यांच्या नोंदींवर त्यांचे अंदाज उभे असतात, त्या निरीक्षकांचे काय? ठरलेल्या वेळी, पाऊस असो वा कडाका, पर्जन्यमापकातील पाणी मोजावयाचे, वायुभार वाचावयाचा आणि आकडे तारेने कळवावयाचे. दूरदूरच्या ठाण्यांवर हे काम पोस्टमास्तर, शाळामास्तर, दवाखान्यातील नोकर आपले मूळ काम सांभाळून अल्प मानधनावर करीत आले. अशा कामाला सुट्टी नाही, कारण हवेला सुट्टी नाही. एक दिवसाची नोंद चुकली तर ती दुसऱ्या दिवशी भरून काढता येत नाही.

आज उपग्रह आहेत, रडार आहेत, संगणक आहेत. पूर्वी ज्या तीव्रतेचे वादळ हजारोंचे बळी घेई, तेथे आता वेळीच स्थलांतर होते. १९९९च्या ओडिशातील महाचक्रीवादळात दहा हजारांच्या सुमारास माणसे गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले तेव्हा बळींची संख्या शेकड्याच्याही आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत जे जीव वाचले त्यांची खतावणी कोणी मांडली आहे काय? वेतन आयोगापुढे ती मांडण्याची रीत नाही. तेथे पदाचे वर्णन पाहिले जाते, हाताखालची माणसे मोजली जातात, समकक्ष पदांशी तुलना होते.

स्वगृहापासून दूर, अपरिचित प्रांतात कारभार करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कामाचे स्वरूप असेच आहे. दंगा झाला नाही, साथ पसरली नाही, धरण फुटले नाही, म्हणजे कोणीतरी आपले काम चोख केले. आणि म्हणूनच त्याचे नाव कोठे आले नाही. त्यांपैकी जे आज इतरांची पदे, वेतनश्रेणी व भत्ते ठरविण्याच्या जागी आहेत, त्यांच्यापाशी आमचे एवढेच मागणे आहे की, टिपण लिहिताना जे घडले नाही त्याचाही एक रकाना ठेवावा. तो रकाना १८६५ पूर्वी बोर्ड ऑफ ट्रेडच्या वहीत असता, तर तीन हजार पौंडांसाठी एका विधवेला वर्गणीदारांची वाट पाहावी लागली नसती.