पक्षाघातानंतर घरचा सराव

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली, की पक्षाघात होतो. रुग्णालयातील मुक्काम बहुधा काही दिवसांचा असतो. सावरण्यास मात्र अनेक महिने लागतात आणि हा काळ मुख्यतः घरीच जातो.

मृत झालेल्या मेंदूपेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मात्र एकच हालचाल वारंवार केल्यास उरलेल्या पेशी नव्या जोडण्या निर्माण करून काही कामे उचलू शकतात. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील प्राध्यापक पेद्रो बाक-इ-रिता यांना १९५९ मध्ये पक्षाघात झाला. वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने, जॉर्जने, त्यांना घरीच लहान मुलासारखे प्रथम रांगायला शिकविले. गोट्या उचलणे, भांडी घासणे असा सराव रोज तासन्‌तास चाले. सुमारे वर्षभराने ते पुन्हा शिकवू लागले. त्यांच्या मृत्यूनंतर झालेल्या शवविच्छेदनात मेंदूची मोठी हानी तशीच असल्याचे आढळले. म्हणजेच ते सावरले होते, ते शिल्लक मेंदूच्या बळावर.

दुर्बळ हात वापरलाच नाही, तर तो वापरण्याची सवयच मोडते. म्हणूनच चांगल्या हाताला हातमोजा घालून दुर्बळ हाताकडून काम करवून घेण्याची पद्धत निघाली. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचा लाभ दिसला. मात्र मनगट व बोटे थोडीतरी हलविता येणाऱ्यांसाठीच ही पद्धत आहे.

तथापि, केवळ घरच्यांवर भिस्त ठेवणे पुरेसे नाही. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करवून घेतल्याने, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, सहा महिन्यांनंतरचे मृत्यू वा परावलंबित्व कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. सराव घरी करावा. पण त्याची आखणी आणि ठरावीक काळाने तपासणी फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यावी.

व्यायाम रोजच्या कामांशी जोडावेत. वाटी उचलणे, सदऱ्याची बटणे लावणे, टॉवेलची घडी घालणे, खुर्चीतून उठणे-बसणे ही कामे दिवसातून अनेकदा, थोड्या थोड्या वेळाने करावीत. उभे राहताना शेजारी कोणीतरी असावे. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा, जमीन कोरडी ठेवावी. दुर्बळ हात ओढून रुग्णास उठवू नये. खांद्याला इजा होते. मायेपोटी प्रत्येक घास भरविणारे नातेवाईक नकळत रुग्णाचा सरावच हिरावून घेतात. उशीर झाला तरी चालेल, पण त्याचे काम त्यालाच करू द्यावे.

रक्तदाब व मधुमेहाची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. गिळताना ठसका लागणे किंवा सततची उदासीनता डॉक्टरांना अवश्य सांगावी. चेहरा अचानक वाकडा झाला, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर व्यायाम थांबवून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.