बोरूची टोपली, बोरूची नळी

जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं की अंबड-घनसावंगीच्या शिवारात ‘कालवा’ हा शब्द कमी आणि ‘कॅनॉल’ जास्त ऐकू येतो. तिथून थोड्या अंतरावर, जालना शहरात काचेच्या टाकीत मासे पाळणारा माणूस टाकीखालच्या कपाटात झाकण आवळलेला एक डबा ठेवतो आणि त्याला ‘कॅनिस्टर’ म्हणतो. एक शब्द सरकारी पाटबंधाऱ्यांतून शेतात उतरला, दुसरा हौशी लोकांच्या बाजारातून घरात शिरला. दोघांची कुळी मात्र एकच, आणि ती धातूची, प्लॅस्टिकची किंवा सिमेंटची नाही. ती गवताची आहे. पाणथळीत उगवणाऱ्या, आतून पोकळ असलेल्या, आपल्याकडे ज्याची लेखणी करत त्या बोरूची.

मधले ठळक टप्पे लवकर उरकतो. अक्कडी भाषेत बोरूला ‘कनू’ म्हणत. त्या घराण्यातून ग्रीकांनी ‘कन्ना’ घेतला आणि बोरूच्या विणलेल्या टोपलीला ‘कनास्त्रोन’ म्हटलं. रोमनांनी त्याचं ‘कनिस्त्रुम’ केलं, म्हणजे भाकरीची, फळाफुलांची टोपली. इंग्रजीत ती टोपली अठराव्या शतकाच्या सुमारास चहाचा पत्र्याचा डबा झाली. त्याच ‘कन्ना’पासून लॅटिन ‘कनालिस’ निघाला, म्हणजे नळी, पन्हळ, पाट, आणि त्यातून आपला कॅनॉल. ‘कॅनिस्टर’ म्हणजे ‘कॅन’ला जोडलेलं शेपूट, हा समज चुकीचा आहे. ‘कॅन’ जर्मानिक घराण्यातून आला. त्याचंही टोक बोरूपाशी नेणारे अभ्यासक आहेत, पण तो वाद वेगळा. डब्याच्या अर्थाने दोन्ही शब्द शेजारी आले आणि एकमेकांसारखे दिसू लागले, एवढंच.

खरी गंमत पूर्वेकडच्या फांदीत आहे. अरबीत याच मूळ शब्दाचा ‘कनात’ झाला आणि त्याला तीन अर्थ चिकटले: बोरू, भाला आणि जमिनीखालून पाणी आणणारा भुयारी पाट. इराणी वाळवंटातलं कनातीचं तंत्र दख्खनेत आलं. त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत तो बांधला गेला. त्याच सुमारास मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी खेळवली. जालन्यात मलिक अंबराचा समकालीन जमशेद खान याने शहराच्या पश्चिमेला मोती तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळांनी आणि हौदांनी गावात पाणी फिरवल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर, बंद नळातून वाहणारं पाणी जालन्याने निदान तेव्हापासून पाहिलं आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. दख्खनेत या कामांना ‘कनात’ कुणी म्हटलं? लोक ‘नहर’ म्हणाले, ‘कारेज’ म्हणाले, ‘खापरी नळ’ म्हणाले. मान्य. तंत्र आलं, पण त्याचं अरबी नाव पाण्याच्या अर्थाने आपल्याकडे रुजलं नाही. माझं म्हणणं असं की ते नाव आलं, फक्त दुसऱ्या दाराने: तंबूच्या. मराठीत कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत, लग्नाच्या मांडवाचा आडोसा. 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने ही कनात अरबीतूनच आल्याचं सांगितलं आहे. दुसरा पक्ष तिला तुर्कीकडे नेतो. तुर्कीत ‘कनत’ म्हणजे पंख, आणि तंबूची बाजू म्हणजे तंबूचा पंख. अर्थाच्या दृष्टीने हे इतकं सुबक जुळतं की मोह पडतो. तरीही मला अरबी बाजू जड वाटते. कनात कुठलीही घ्या, नुसतं कापड उभं राहत नाही. ठरावीक अंतरावर शिवलेले बांबू तिला उभं करतात. बोरू आणि भाला या दोन्ही अर्थांना शोभेल अशी ती वस्तू आहे, कापडाने जोडलेली काठ्यांची रांग. पंखात काठ्या नसतात. तुर्की छावणीत दोन्ही शब्द कानावर पडत असतील आणि त्यांनी एकमेकांना बळ दिलं असेल, इतकी तडजोड मी करीन, त्याहून जास्त नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पोकळ गवतावरून नळीला नाव देणं कुणालाही सुचेल. मग त्यासाठी एक कुळ कशाला मानायचं? याचा पुरावा तर आपल्या घरातच आहे. संस्कृतात ‘नल’ म्हणजे बोरूच. देवनळ या वनस्पतीच्या नावात तो अजून शिल्लक आहे. त्यावरून नळ, नळी, नळा. म्हणजे बगदादला न विचारता मराठीनेही गवतावरूनच पाण्याला वाट दिली. पण हाच दाखला माझ्या बाजूने बोलतो. कल्पना स्वतंत्रपणे सुचते तेव्हा अर्थ जुळतो, आवाज जुळत नाही: नळ आणि कॅनॉल. कॅनॉल, कॅनिस्टर आणि कनात यांत अर्थाबरोबर ‘क-न’ हा आवाजही जुळतो, आणि अक्कडीपासूनची वाट कोशांतून पावलोपावली दाखवता येते. याच न्यायाने ‘कन्ना’ला संस्कृत ‘काण्ड’ म्हणजे उसाच्या कांड्याचं लेकरू ठरवण्याचा उत्साह मी बाजूला ठेवतो. तिथे ‘ण्ड’चं काय झालं हे सांगावं लागेल. उलट एक शब्द मात्र आनंदाने घरात घेतो. ग्रीकांनी बोरूच्या सरळ काठीवरून मोजपट्टीला ‘कानोन’ म्हटलं, त्याचा अरबीत ‘कानून’ झाला आणि तो शिवकालीन कानुजाबत्यापर्यंत पोचला.

आता डब्याकडे येऊ. घरगुती माशांच्या टाकीसाठी बाहेर ठेवायचा बंद फिल्टर 1960च्या दशकात जर्मनीच्या गुंथर एहाइम यांच्या कंपनीने बाजारात रुजवला. जर्मन हौशी लोक त्याला ‘टोप्फफिल्टर’ म्हणतात, म्हणजे भांड्याचा फिल्टर. (मराठी ‘टोप’शी त्याचं नातं जोडायचा मोह आवरावा.) जर्मनांनी भांडं म्हटलं, इंग्रजी बोलणाऱ्यांनी टोपली म्हटलं, आणि त्या दोन नावांत या यंत्रांची सगळी तुलना सामावलेली आहे असं माझं मत आहे. एहाइमच्या क्लासिक मालिकेतला 2213 उघडला तर आत टोपली नसतेच. खाली जाळी, मग सिरॅमिकच्या नळ्या, त्यावर स्पंज, वर पांढरा पातळ थर. पाणी तळातून शिरतं आणि सगळ्या थरांतून वर चढतं. तो डबा नसून जाड नळाचा तुकडा आहे. हॅगन कंपनीच्या फ्लुव्हल 307 मध्ये मात्र एकावर एक रचलेल्या टोपल्या असतात आणि बाजूला स्पंजाची उभी भिंत. चिनी सनसन एचडब्ल्यू-302चीही रचना टोपल्यांचीच.

टोपलीची सोय हाताला होते आणि नळाची पाण्याला होते. टोपली उचलली, धुतली, परत ठेवली, की काम पाच मिनिटांत झालं. पण टोपली आणि डब्याच्या भिंतीमध्ये फट राहते आणि पाणी आळशी असतं. स्पंज गाळाने भरला की ते स्पंजातून जायचं सोडून फटीतून पळतं. मोटर फिरते, धार दिसते, पण गाळणं झालेलं नसतं. स्वस्त डब्यांत रबरी कडा ढिली असते, तिथे हे लवकर होतं. क्लासिकमध्ये पळवाट जवळपास नाही, पण धुवायचा म्हणजे सगळं पोट रिकामं करायचं.

म्हणून खोक्यावरचे आकडे शेजारी ठेवून निवड करणं मला पटत नाही. 2213 ताशी 440 लिटर सांगतो, सनसन 1000, फ्लुव्हल 1150. हे आकडे फिल्टरचं पोट रिकामं असतानाचे. आत माल भरला आणि त्यावर गाळ बसला की ते घसरतात. शिवाय वेग हे एकच माप नाही. माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू त्या सिरॅमिकच्या खाचांत राहतात. पाणी त्यांना शिवून गेलं पाहिजे, शेजारून नव्हे. 100 लिटरच्या टाकीला मी बिनटोपलीचा, मंद पण प्रामाणिक डबा निवडीन. मोठ्या टाकीत, जिथे मासे घाण जास्त करतात आणि दर पंधरवड्याला हात घालावाच लागतो, तिथे टोपली हवी. मात्र कडा घट्ट बसणारी.

मोटर पाणी ‘वर चढवते’ हा गैरसमजही बोरूच्या नळीने सुटतो. डबा टाकीच्या खाली असतो, दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असतात. एका नळीतून उतरणाऱ्या पाण्याचं वजन दुसरीतल्या चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं, आणि मोटरीला फक्त घर्षणाशी झगडावं लागतं. त्यामुळे 2213 ला 8 वॅट पुरतात. मात्र नळीत हवा अडकली की तोल मोडतो. नहरींच्या बांधणाऱ्यांनाही हवेचा हा उपद्रव ठाऊक होता. त्यासाठी ते वाटेत चुनेगच्ची मनोरे उभारत.

कनात आणि कॅनिस्टर यांच्यात एक फरक मात्र कुळाने मिटत नाही. कुंडी भंडाऱ्याच्या भुयारावर विहिरींसारख्या कुंड्यांची माळ आहे. ते पाणी सतत श्वास घेतं. कॅनिस्टर बंद. जालन्यात उन्हाळ्यात वीज काही तास गेली की डब्यातले जिवाणू आतला प्राणवायू संपवतात, मरू लागतात, आणि वीज परतताच ते नासलेलं पाणी थेट टाकीत जातं. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल तर आधी प्लग काढावा, डब्यातलं पाणी मोरीत ओतावं, आतला माल टाकीच्याच पाण्यात हलवून घ्यावा, नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात नव्हे, आणि मगच बटण दाबावं.