अहमदनगर किल्ल्यातील ज्ञानव्यासंग
(१९४२–४५). ‘छोडो भारत’ ठरावानंतर अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सभासदांनी बंदिवासात केलेले वाचन, लेखन व परस्परांतील ज्ञानविनिमय. जवाहरलाल नेहरूंचा द डिस्कव्हरी ऑफ इंडिया आणि मौलाना आझादांचा गुबार-ए-खातिर हे दोन सुप्रसिद्ध ग्रंथ याच काळातील होत. इतिहास, विज्ञान, कला, संगीत, पक्षिनिरीक्षण व क्रीडा अशा भिन्न विषयांचा संगम झाल्यामुळे या बंदिवासाला भारतीय ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात वेगळे स्थान प्राप्त झाले आहे.

भिंगार नाल्यालगतचा हा भुईकोट किल्ला मूळ निजामशाहीतील. हुसेन निजामशाहाने १५५९ ते १५६२ च्या सुमारास त्यास दगडी तटबंदी केली. चांदबिबीने १५९५–९६ मध्ये मोगलांविरुद्ध तो लढविला. १८०३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. रुंद खंदक व लष्करी बंदोबस्त यांमुळे त्याचा उपयोग पुढे युद्धकैद्यांसाठी व राजबंद्यांसाठी होत राहिला.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत नेत्यांची धरपकड होऊन त्यांना खास आगगाडीने हलविण्यात आले. महात्मा गांधींना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले, तर कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरला आणले गेले. त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद व हरेकृष्ण महताब यांचा समावेश होता. त्यांना कोठे ठेवले आहे, हे सरकारने आरंभी जाहीर केले नव्हते. सुरुवातीचे काही आठवडे वृत्तपत्रे व पत्रव्यवहारही बंद होता.

बाह्य जगाशी संबंध तुटल्यावर या मंडळींना मुख्य आधार राहिला तो परस्परांच्या विद्वत्तेचा. पट्टाभी सीतारामय्या हे वैद्यकीय पदवीधर, घोष हे रसायनशास्त्राचे डॉक्टर, कृपलानी हे इतिहासाचे माजी प्राध्यापक, तर पटेल व असफ अली हे बॅरिस्टर होते. नरेंद्र देव हे संस्कृत, पाली व बौद्ध दर्शनाचे आणि आझाद हे अरबी, फार्सी व इस्लामी विद्यांचे गाढे पंडित होते. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, बंगाली, तेलुगू, सिंधी व ओडिया या भाषा बोलणारी माणसे एकाच चौकाभोवती राहत होती. संदर्भग्रंथ मर्यादित असल्याने एखादी शंका निघाली की, त्या विषयाच्या जाणकार सोबत्याकडे जाणे हाच सोपा मार्ग असे. आझाद, पंत, नरेंद्र देव व असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचा नेहरूंनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. आझादांच्या अफाट व्यासंगाने आपण आनंदित होत असू आणि कधीकधी दबूनही जात असू, असे त्यांनी नमूद केले आहे.

नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत सुमारे एक हजार हस्तलिखित पृष्ठे लिहिली. सिंधू संस्कृतीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या इतिहासाबरोबरच प्राचीन भारतीय गणित, रंगभूमी, कला, भाषा व तत्त्वज्ञान यांचाही परामर्श त्यांनी घेतला. किल्ल्याच्या आवारातील दगडगोट्यांची जमीन खणून त्यांनी फुलबाग केली होती. खणताना जुन्या भिंती व घुमटांचे माथे लागत. परंतु खोल उत्खननास परवानगी नव्हती. हा अनुभव त्यांनी ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात सांगितला आहे. हा ग्रंथ १९४६ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला व सहबंदींनाच अर्पण करण्यात आला. त्यावर आधारित, श्याम बेनेगल दिग्दर्शित भारत एक खोज ही ५३ भागांची मालिका १९८८ पासून दूरदर्शनवर प्रसारित झाली.

आझादांचा गुबार-ए-खातिर (१९४६) हा हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यास उद्देशून लिहिलेल्या पत्रांचा संग्रह असून यातील किल्ल्यात लिहिलेली पत्रे त्या वेळी पाठविता आली नाहीत. त्यांतील विषयवैविध्य विलक्षण आहे. पहाटेच्या चिनी चहाचा आस्वाद, ईश्वरविषयक चिंतन, धर्मयुद्धांचा इतिहास व खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या हे सर्व विषय तेथे सारख्याच आस्थेने येतात. चिमण्यांना हुसकावण्याचे प्रयत्न फसल्यावर आझादांनी त्यांना दाणे टाकण्यास आरंभ केला आणि त्या हळूहळू त्यांच्या हातावर येऊन बसू लागल्या. संगीतविषयक पत्रात त्यांनी तरुणपणी केलेल्या सतारीच्या अभ्यासाची हकीकत दिली आहे. फकीरुल्लाहकृत राग दर्पण या फार्सी ग्रंथाचे हस्तलिखित हाती आल्यावर तो समजावा म्हणून ते संगीताकडे वळले होते.

इतरांचे कार्यही लक्षणीय होते. दम्याने त्रस्त असूनही नरेंद्र देवांनी वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचे फ्रेंच भाषांतरावरून हिंदी रूपांतर हाती घेतले. त्यांच्या बौद्ध धर्म दर्शन या ग्रंथास मरणोत्तर साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले (१९५७). महताबांनी येथे ओडिशाच्या इतिहासाचे लेखन केले. पट्टाभींच्या टिपणांतून फेदर्स अँड स्टोन्स हे पुस्तक सिद्ध झाले. बैठ्या कामास बॅडमिंटन, ब्रिज व बागकाम यांची जोड होती.

या व्यासंगाचे चित्र केवळ रम्य मानणे मात्र इतिहासाशी विसंगत ठरेल. ९ एप्रिल १९४३ रोजी आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कलकत्त्यात निधन झाले. त्यांच्या आजाराची वार्ता कळल्यावर सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती पोहोचविण्याची तयारी तुरुंगाधिकाऱ्याने दर्शविली होती. आझादांनी ती नाकारली. याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. लोकप्रतिनिधी तटबंदीआड असल्याने त्यांना काहीही करता आले नाही. नेहरूंच्या ग्रंथातील दुष्काळाचे वर्णन या असहायतेची साक्ष देते. अपुऱ्या साधनांमुळे हे लेखन काही ठिकाणी स्मृतीवर व संभाषणावर विसंबून आहे. त्यामुळे त्यातील तपशील पारखून घ्यावे लागतात. तथापि भिन्न धर्म, भाषा व विद्याशाखा यांच्या सहवासातून देशाची समग्र ओळख घडू शकते, हे त्याने दाखवून दिले. देशाच्या फाळणीपूर्वीची अखेरची वर्षे ध्यानी घेता या गोष्टीचे महत्त्व अधिकच जाणवते.

सय्यद महमूद यांची १९४४ मध्ये सुटका झाली. उरलेल्यांना १९४५ मध्ये निरनिराळ्या तुरुंगांत हलविण्यात आले. नेहरूंनी २८ मार्च रोजी किल्ला सोडला. नेहरू व आझाद यांची १५ जून १९४५ रोजी मुक्तता झाली. किल्ला लष्कराच्या अखत्यारीत असून नेत्यांच्या खोल्या ‘नेता कक्ष’ या नावाने स्मारक म्हणून जतन करण्यात आल्या आहेत. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे करण्यात आले.