कापूस, कर्ज आणि १ जुलै १८६५

परवा ऑफिसात बँकेचा फोन आला. "सर, तुमची हिस्ट्री एकदम क्लीन आहे, पर्सनल लोन मंजूरच समजा!" माझ्याच टीममधल्या एका मित्राची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली. गृहकर्ज आम्ही दोघांनी एकदमच घेतलं होतं. हिस्ट्री त्याचीही क्लीनच होती की! "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला आणि वीकएण्डला १८६५ ची मुंबई वाचत बसलो.

गोष्ट अशी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. आलेला पैसा ठेवायचा कुठे? समुद्रात भर घालण्यापासून बँकांपर्यंत रोज नव्या कंपन्या निघू लागल्या.

१८४० पासून जपून चाललेल्या बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्याने शेअर तारण घेऊन कर्ज द्यायची मुभा मिळाली. मग काय! शेअर तारण ठेवा, कर्ज काढा, त्यातून आणखी शेअर घ्या. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला बँकेत मोठं वजन होतं. व्याज येत होतं, नफा दिसत होता, सगळे आनंदात.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. कापूस कोसळला, पाठोपाठ शेअर्स. १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते, पण पैसे देणारेच बुडालेले! बँकेचं जवळजवळ सगळं भांडवल गेलं. १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. (हीच पुढे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि त्यातून १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली.)

हे सगळे कर्जदार काय रातोरात लबाड झाले? नाही. त्यांची कमाई, त्यांचं तारण आणि बँकेचा नफा, तिन्ही एकाच कापसावर उभं होतं. आमच्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. तेजीत दिसणाऱ्या नफ्यात उद्याची बुडीत कर्जं लपलेली असतात, ती फक्त अजून दिसलेली नसतात.

माझा 'कापूस' म्हणजे परदेशी क्लायंट. पगार त्याच्यावर, हप्ता पगारावर, आणि माझ्या फ्लॅटचा भावही आमच्यासारख्यांच्याच पगारांवर.

असो. सोमवारी पुन्हा फोन आला, सरळ नाही म्हटलं. सहा हप्त्यांएवढे पैसे आधी बाजूला टाकतोय. मित्राला मात्र म्हटलं, हप्ता चुकायच्या आधीच बँकेत जाऊन बोल. मीही येतो बरोबर.