स्मिथ (आडनाव)

स्मिथ : इंग्रजीतील सर्वाधिक प्रचलित व्यवसायवाचक आडनाव. अर्थ धातुकाम करणारा कारागीर, रूढ अर्थाने लोहार. इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ऑस्ट्रेलिया येथे आडनावांच्या यादीत ते पहिले येते. वेल्समध्ये जोन्स आणि आयर्लंडमध्ये मर्फी त्याला मागे टाकतात. न्यूझीलंडमध्ये नवजात बालकांच्या नोंदींत अलीकडे ‘सिंग’ने स्मिथला खाली ढकलले आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २४,४२,९७७ स्मिथ मोजले गेले.

प्राचीन इंग्रजीतही हा शब्द जवळजवळ आजच्यासारखाच होता. हजार वर्षांत तो फारसा झिजलेला नाही. जर्मनमधील ‘श्मिट’ हा त्याचा सख्खा भाऊ. जुन्या जर्मानिक भाषांत लाकूड असो वा धातू, कठीण वस्तूला आकार देणारा तो ‘स्मिथ’ असे. लोहाराशी त्याची गाठ पुढे पक्की झाली. ठोकणे या अर्थाच्या ‘स्माइट’ या क्रियापदापासून तो आला, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे आणि घणाचा आवाज कानात असल्याने पटतेही. पण भाषाशास्त्र तिला दुजोरा देत नाही. दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत. लंडनच्या जुन्या मांसबाजाराचे ‘स्मिथफील्ड’ हे नावही लोहारांचे नाही. ते ‘स्मूथ’, म्हणजे सपाट, मैदान.

डरॅम परगण्यातील एक्केआर्ड नावाच्या लोहाराची इ. स. ९७५ च्या सुमाराची नोंद या आडनावाचे सर्वांत जुने उदाहरण म्हणून दिली जाते. ती मात्र आडनावाची नसून ओळखीची आहे : एक्केआर्ड, तो लोहार. बापाकडून मुलाकडे जाणारी आडनावे इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर हळूहळू रुजली. आधी जमीनदारांत, मग शहरांत आणि चौदाव्या शतकापर्यंत सामान्य रयतेत. सरकारी कागद लॅटिनमध्ये असल्याने कारकून बऱ्याचदा ‘फाबेर’ लिहीत. घरी स्मिथ आणि दप्तरात फाबेर, असे दुहेरी आयुष्य या नावाने बराच काळ काढले.

मग एवढे स्मिथ झाले कसे? लोहारांची संख्या फार होती, हे सहज सुचणारे उत्तर चुकीचे आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुसंख्य माणसे शेतावर राबत होती. त्या हिशेबाने सगळ्यात मोठे आडनाव शेतकऱ्याचे असायला हवे होते. पण ज्या गावात सगळेच नांगर धरतात तिथे ‘नांगरवाला जॉन’ म्हणून कोणता जॉन कळणार? आडनाव हे ओळख पटवण्यासाठी असते, आणि ओळख पटते वेगळेपणाने. लोहार गावात एखादाच असे, पण प्रत्येक गावात असे. फाळाला धार, घोड्याला नाल, दाराला बिजागरी, चुलीपाशी आकडा, सगळे त्याच्याच भट्टीतून यायचे. आपल्याकडच्या बारा बलुतेदारांतला लोहार डोळ्यांपुढे आणला तर हे चटकन उमगते. गावात दुर्मीळ आणि देशभर सर्वत्र, या जोडीमुळे हजारो ठिकाणी एकाच वेळी, एकमेकांशी काही नाते नसलेली स्मिथ घराणी उभी राहिली. (लोहार शस्त्रे घडवण्यासाठी घरी ठेवला जाई, लढाईत मरत नसे, म्हणून त्याचा वंश वाढला, असाही एक तर्क ऐकू येतो. पुराव्यापेक्षा त्यात कथेची चव जास्त आहे.)

स्मिथ घराणी अशी वेगवेगळी उगवली, याला लेस्टर विद्यापीठात झालेल्या आनुवंशिक संशोधनाने पुष्टी दिली. ॲटनबरो यांसारख्या दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांत समान पूर्वजाच्या खुणा मोठ्या प्रमाणात सापडल्या. दोन स्मिथ मात्र रस्त्यावरच्या कोणत्याही दोन माणसांइतकेच परके निघाले.

बलुतेदार लोहाराशी तुलना करताना एक फरक मात्र नोंदवायला हवा. इंग्लंडमध्ये लोहाराचा मुलगा शिंपी झाला तरी स्मिथच राहिला, त्याची मुलगी सुताराच्या घरी गेली. धंदा सुटला, नाव उरले. आपल्याकडे धंदा, नाव आणि सोयरीक यांची गाठ जातीने बांधलेली असल्याने ‘लोहार’ आडनावाचा प्रवास तसा झाला नाही.

‘वाय’ अक्षराने लिहिलेला ‘स्मिथ’ खानदानी आणि ‘आय’ने लिहिलेला साधा, असा समज आहे. मुळात हा लेखणीचा प्रश्न होता. मध्ययुगीन लिपीत ‘एम’ आणि ‘आय’ दोन्ही उभ्या दांड्यांचेच. ते शेजारी आले की वाचणारा अडखळे, म्हणून लेखनिक ‘आय’ऐवजी ‘वाय’ वापरत. पुढे आडनावाच्या गर्दीतून उठून दिसावे म्हणून काहींनी तेच रूप हौसेने जपले, शेवटी ‘ई’ जोडला, आणि त्यातल्या काहींनी उच्चारही ‘स्माइद’ करून घेतला.

जोडनावांत जुन्या कारखान्याची पाटी वाचायला मिळते. गोल्डस्मिथ म्हणजे सोनार, ॲरोस्मिथ बाणांची टोके घडवणारा, शूस्मिथ नाल ठोकणारा. सिक्सस्मिथमध्ये सहा हा आकडा नाही. तो विळे बनवणारा ‘सिकलस्मिथ’ आहे. अन्य भाषांतही हेच नाव आपापल्या वेशात वावरते : फ्रेंच लफेव्र, इटालियन फेरारी, स्पॅनिश हेरेरो, हंगेरियन कोवाच, पोलिश कोवाल्स्की, रशियन कुझ्नेत्सोव्ह, अरबी हद्दाद.

सगळे स्मिथ मात्र इंग्रज लोहाराचे वंशज नाहीत. १४६५ मध्ये आयर्लंडच्या संसदेने डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलातील आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घेण्याची सक्ती केली. ते गाव, रंग, कारागिरी वा हुद्दा यांवरून असावे असे सांगून नमुन्यादाखल जी नावे दिली, त्यांत स्मिथ होते. कॅव्हन भागातील अनेक मॅकगोवन, म्हणजे ‘लोहाराचे पुत्र’, पुढे भाषांतराने स्मिथ झाले. अमेरिकेत श्मिटांचे स्मिथ झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव अडचणीचे ठरल्यावर त्यांत भर पडली. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांतही हे आडनाव मोठ्या प्रमाणावर आले. आज अमेरिकेतल्या पाच स्मिथांमागे एकाहून थोडे अधिक कृष्णवर्णीय आहेत.

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ (१७२३–९०) यांच्यापासून भूशास्त्रीय नकाशाकार विल्यम स्मिथ यांच्यापर्यंत नामवंतांची यादी न संपणारी आहे. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ च्या कादंबरीतील सतत पाळतीखाली जगणाऱ्या नायकाचे आडनावही स्मिथच. पण या नावाची खरी गंमत ‘स्मिथसन’ घराण्यात आहे. सर ह्यू स्मिथसन यांनी थोर घराण्यात लग्न केले आणि १७५० मध्ये संसदेच्या कायद्याने स्मिथसन टाकून पत्नीचे वडिलोपार्जित ‘पर्सी’ हे सरदारी नाव घेतले. पुढे ते नॉर्थम्बरलंडचे ड्यूक झाले. त्यांचा अनौरस मुलगा जेम्स आईच्या ‘मेसी’ नावाने वाढला आणि आईच्या मृत्यूनंतर त्याने बापाने टाकलेले स्मिथसन उचलले. हा रसायनज्ञ १८२९ मध्ये जेनोआत वारला. कधीही न पाहिलेल्या अमेरिकेला त्याची संपत्ती मिळाली आणि १८४६ मध्ये वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. पर्सींचे नाव आज इतिहासवाल्यांना ठाऊक आहे. लोहाराच्या पोराचे नाव मात्र शाळेच्या सहलीला आलेली मुलेही वाचतात.

धंद्याचे आडनाव होताना पाहायचे तर मराठी वाचकाला मध्ययुगात जायला नको. ब्रिटिश अमलातील मुंबईत पारशी कुटुंबांनी इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट अशी इंग्रजी धंदेवाचक नावे धारण केली. फरोख इंजिनियर आणि नरी कॉन्ट्रॅक्टर या दोघा कसोटीपटूंनी ती क्रिकेटच्या धावफलकावर नेली, आणि तिथे कुणी पूल बांधत नव्हते की कंत्राट घेत नव्हते.

महाराष्ट्राशी खुद्द स्मिथचा संबंध मात्र दगडावर कोरलेला आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला निघालेला मद्रास सैन्यातील एक अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पोहोचला. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच. युरोपीय जगाला ती त्या दिवसापासून कळली. इसवी सनापूर्वीच्या या चैत्यगृहातील एका खांबावर, रंगवलेल्या आकृतीच्या अंगावरच, त्याने आपले नाव खरवडले. तेव्हा आत राडारोडा साचलेला होता, त्यावर उभे राहून त्याने ते लिहिले. म्हणून आज ते माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. नाव होते जॉन स्मिथ. इंग्लंडात त्या नावाचे असंख्य असणार, हे त्यालाही माहीत असावे. पुढे त्याने आपले घोडदळ आणि तारीखही खरवडली.